ओसीडी असलेली मुक्ता आणि बायपोलर असलेला ईशान: दोघांना एका प्रसंगात कसं आणू?

शाईचा_डाग
माझ्या कादंबरीतली ही दोन पात्रं. मुक्ताला ओसीडी, म्हणजे नको त्या शंका पुन्हापुन्हा येणं आणि त्या शमवायला तीच कृती करत राहणं. ईशानला बायपोलर, म्हणजे कधी तेजीचा, कधी नैराश्याचा काळ. शेजारी, जुने मित्र. वेगवेगळी लिहिते तेव्हा जिवंत वाटतात. एकत्र आली की ती हात धुते, तो भराभर बोलतो, आणि दोन आजार गप्पा मारताना दिसतात, माणसं हरवतात. ही दोघं एकमेकांशी कशी वागतील? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

तिसरी_पायरी
मला अकरा वर्षं ओसीडी आहे. हात धुणं आधी काढून टाका, सगळे तेच लिहितात. माझं दुखणं कुलपाचं. ओढून बघते, जिना उतरायला लागते आणि तिसऱ्या पायरीवर पाय अडतो. कुलूप लागलंय हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण खात्री आत पोचतच नाही. मग सोबतच्याला विचारते. तो म्हणतो, "लागलंय गं." क्षणभर बरं वाटतं, की शंका पुन्हा हजर! दिलासा मिळाला की मन पुढच्या वेळीही तोच मागतं. म्हणून उपचारात खात्री न करता ती अस्वस्थता सोसायला शिकवतात, आणि घरच्यांना उत्तर न द्यायला. हे घरच्यांनाही फार जड जातं. तुमचा ईशान दर वेळी "लागलंय" म्हणत असेल तर वाचकाला प्रेमळ वाटेल, मुक्ताची मात्र सुटका व्हायची नाही. त्याला काही न बोलता तिच्याबरोबर पायरीवर उभा राहू द्या.

पाठचा_भाऊ
माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे. ईशान त्या प्रसंगात कुठल्या काळातून जातोय ते आधी ठरवा. सकाळी हसरा, दुपारी रडवेला असं या आजारात सहसा नसतं. मॅनिया, म्हणजे तेजी, म्हणायला साधारण आठवडाभर, नैराश्य म्हणायला दोन आठवडे तरी ती अवस्था टिकावी लागते. मधले कित्येक महिने माणूस अगदी तुमच्याआमच्यासारखा असतो. दादा लिथियम घेतो, मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध; त्याने सही करताना हात किंचित थरथरतो, ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. आणि तेजी येतेय हे बोलण्याआधी झोपेवरून कळतं: तीन तास झोपून तो टवटवीत उठतो. त्याचा खरा राग कशावर आहे सांगू? जरा मोठ्याने हसला तरी कोणीतरी विचारतं, "गोळी घेतलीस ना?"

शाईचा_डाग
मग मुक्ता हेच विचारणार! तिच्या शंकेला कुलपाऐवजी त्याची खिडकी सापडेल. रात्री दोनला दिवा दिसला की "झोपलास ना?" असा मेसेज. त्याला नेमका हाच प्रश्न नकोसा. पण दिवा खरंच धोक्याचा असला तर? तिला कसं कळणार, ही शंका आजाराची की खरी?

तिसरी_पायरी
नाही कळत. मला आजही दर वेळी कळत नाही. हेच लिहा.

पाठचा_भाऊ
आमच्याकडे दादा बरा असतानाच नियम ठरलाय, त्यानेच सांगितलेला: सलग दोन रात्री झोप नाही दिसली तर एकदाच बोलायचं, मग थेट डॉक्टरांना फोन. ईशानने असा नियम मुक्ताच्या हाती सोपवला तर? आधी दोघं भांडतील, हे नक्की.

शाईचा_डाग
तो नियम ईशान स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहून देतो. पहिल्या रात्री ती मेसेज टाइप करते, पुसते, पुन्हा टाइप करते. खिडकीत दिवा चालूच. आज इथूनच लिहायला बसते.