बाबांचे दोन्ही टॉर्च एकाच उन्हाळ्यात बसले. चूक बॅटरीची का माझी?

मानेवाडा_काटोल

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वावर काटोलकडे, संत्र्याचं. बाबा तिकडेच असतात. थ्री फेजची पाळी रात्रीची आली की बारा-एकला उठून मोटर सुरू करायची अन् ओलित पाहायला जायचं. धुऱ्यावर रानडुकरं, खाली साप. त्यामुळे टॉर्च आमच्याकडे हौसेची वस्तू नाही. (बाबा टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात, म्हणून 'बॅटरीची बॅटरी गेली' असा फोन येतो.)

पहिला टॉर्च मोठा, हँडलवाला. मागून दोन पिना निघतात अन् तो सरळ भिंतीतल्या प्लगात लागतो. दिवाळीत घेतला. जानेवारीत सीताबर्डीवरून दुसरा आणला, ॲल्युमिनियमचा, टाइप-सी वाला, आत १८६५० सेल. मग पहिला उतरलेला होता तसाच कोठीत गेला. मे महिन्यात काढून बारा तास चार्ज केला, तर पाच मिनिटांत काजवा.

दुसऱ्याची मी बाबांना सक्त ताकीद दिली होती, की वापरा-न वापरा, चार्जिंगला लावूनच ठेवा, म्हणजे ऐनवेळी धोका नको. ते बिचारे इमानदारीने मोटरघरात लावून ठेवत, वर टिनाचं छत. आता फुल उजेडावर लावला की दहा मिनिटांत मंद होते. सेलवर ९९०० एमएएच (वीज साठवायची क्षमता) लिहिलंय, म्हणजे तगडाच असायला पाहिजे ना? अजून एक भानगड म्हणजे माझ्या मोबाइलच्या नव्या चार्जरने तो चार्जच होत नाही, जुन्याने होतो.

काय चुकून राहिलं?

फुटाळ्याची_हवा

नवीन घे ना भाऊ, काहून डोकं लावतो. अन् पुढच्या वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करत जा, नाहीतर बॅटरीला सवय लागते.

जुना_रिपेअरवाला

फुटाळावाले, ते सवयीचं प्रकरण निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं. ते सेल दुकानातून जवळपास गेले, सल्ला मात्र अजून फिरून राहिला. तुमच्या सल्ल्याने या भाऊचे दोन्ही टॉर्च अजून लवकर मेले असते.

मानेवाडा, राग मानू नका, पण तुम्ही दोघांना एकमेकांचं औषध दिलं. हँडलवाल्यात ४ व्होल्टची लेड ॲसिड आहे, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण. तिला भरलेलं राहायला आवडते. उतरलेली ठेवली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते, अन् महिनोन्‌महिने तशीच राहिली की ते कडक होते. मग चार्जिंगचा लाल दिवा लागते, पण आत काही जात नाही. वापरली की त्याच रात्री चार्ज, अन् पडून असली तरी महिन्या-दीड महिन्याला एकदा. ही एवढी एकच सेवा तिला पाहिजे होती, अन् ती तुम्ही नेमकी दुसऱ्याची केली.

तुमच्या टाइप-सीवाल्यातला १८६५० सेल लिथियमचा. लिथियमचं उलटं आहे. तिला काठोकाठ भरलेलं अन् गरम, हे दोन्ही एकत्र सोसत नाही. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. त्या दाबावर अन् टिनाखाली मे महिन्यात तो सेल रोज थोडा थोडा म्हातारा होत गेला. बाहेर ४५ असताना तुमच्या मोटरघरात काय असेल ते तुम्हीच पाहा; बहुतेक लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादाच ४५ अंशांची आहे. म्हणजे दुपारी चार्ज करायचाच नाही. रात्री, घरात, माठाजवळच्या कोपऱ्यात करा. रोज लागत असेल तर रोज भरा, त्याला हरकत नाही. पंधरा-वीस दिवस लागणार नसेल तर निम्मा भरलेला ठेवा, साधारण ३.७-३.८ व्होल्ट.

आता त्या ९९०० चं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड अन् ६५ मिलिमीटर लांब. एवढ्याशा डब्यात आजपर्यंत साडेतीन हजार एमएएचच्या थोडंच पुढे कोणी गेलं आहे. ९९०० लिहिलेला दिसला की मी गिऱ्हाइकाला काट्यावर ठेवायला सांगतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. बनावट बऱ्याचदा हलका निघते, आत छोटा सेल अन् बाकी भरती.

व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर फुल चार्ज करून तासभर थांबा अन् मोजा. ४.१५ ते ४.२ यायला पाहिजे. मग चार दिवस हात लावू नका. ४ च्या खाली आला तर सेल आतून गळून राहिला. अन् कधी २ व्होल्टच्याही खाली गेलेला सापडला, तर त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नका. यूट्यूबवर ठोकून, झटका देऊन उठवतात, ते पाहू नका.

नव्या चार्जरचं सोपं आहे. स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सीचं तोंड असते, पण चार्जरला 'मी इथं आहे' सांगणारे दोन बारके रेझिस्टर कंपनी वाचवते. दोन्हीकडून सी असलेली केबल लावली की चार्जर वीजच सोडत नाही. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा.

मानेवाडा_काटोल

काका, लाज वाटून राहिली. बाबा फोनवर म्हणाले, 'मी तर तुह्यंच ऐकलं.' काही बोलता आलं नाही.

डोक्यात एक आलं. लेडवाल्याचं बॉडी अन् रिफ्लेक्टर चांगलं आहे. तिची बॅटरी ४ व्होल्ट, लिथियम ३.७. जवळजवळ सारखंच. जुनी काढून तिथं नवा चांगला १८६५० बसवून देऊ का?

जुना_रिपेअरवाला

नाही, हे वाक्य परत वाचू नका, विसरा. हीच आयडिया घेऊन महिन्यात दोन जण तरी येतात.

व्होल्टेज सारखं दिसते म्हणूनच तर फसगत होते. भरलेली लेडही ४.२-४.३ दाखवते. पण स्वस्त प्लगवाल्या टॉर्चमधला चार्जर म्हणजे एक कॅपॅसिटर, चार डायोड अन् देवावर भरवसा. बॅटरी भरली तरी तो थांबत नाही, दाबतच राहते. लेड ते थोडंफार सोसते, आतलं पाणी वाळते एवढंच. लिथियम ४.२ च्या वर सोसत नाही, पेटते. शिवाय त्या सर्किटला ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे प्लगात असताना आतला प्रत्येक तार २३० व्होल्टवर आहे असं समजायचं. उघड्या बॉडीत हात घालू नका.

चार व्होल्टची लेडच नवी मिळते, तीच टाका. तारेचा लाल-काळा पाहून ठेवा अन् सोल्डरिंगचा डाग नीट द्या. चार्जिंगला दहा-बारा तास लावा अन् काढा. रात्री लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवलं, असं नको.

रामटेक_मॅडम

थोडं माझ्याकडून. आम्ही उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन टेकडीवर जातो. टॉर्च एएए सेलवाले, त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जेबल. ते १.२ व्होल्टचे असतात, पण बहुतेक एलईडी टॉर्चला चालतात, अन् एखादा गेला तर तेवढाच बदलता येतो. कमी गळतीवाले घ्या, बाकीचे महिन्याभरात बऱ्यापैकी उतरतात.

अन् बटण इलेक्ट्रॉनिक असेल तर बंद टॉर्चही थोडी थोडी वीज खात असतो. मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवायचं. मंद झाला की सेलला शिव्या देण्याआधी झाकणाचे आटे अन् स्प्रिंग स्पिरिटने पुसून पाहा. वावरातली धूळ अन् घाम, दुसरं काय.

मानेवाडा_काटोल

अपडेट. स्पिरिटने पुसलं, काडीचा फरक नाही. सेल शेजारच्या वहिनींच्या केक करायच्या काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. त्यांनी विचारलं हे काय मोजून राहिले, मी म्हटलं माझी अक्कल.

नवा सेल २६०० लिहिलेला घेतला, ४६ ग्रॅम. लेडही नवी टाकून घेतली, दुकानातूनच. भंगारवाल्याने जुनी लेड वजनावर घेतली, पण लिथियमला हात लावला नाही. ती सध्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून डब्यात आहे. मानेवाडा-सक्करदरा भागात ई-कचरा कुठं घेतात, कोणाला माहीत आहे का?