मदत हवी आहे: यूएसबी वायफाय अडॅप्टर लिनक्स मिंटमध्ये सीडी म्हणून दिसतोय

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप २०१४ च्या आसपासचा आहे, ४ जीबी रॅम, नंतर एसएसडी टाकून घेतलेली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनला झेपत नाही, म्हणून लिनक्स मिंट २१.३ टाकलं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ आहे. बाकी सगळं झकास, प्रिंटरसुद्धा काही न विचारता लागला. घोडं अडलंय ते वायफायवर. आतलं कार्ड विंडोज असतानाच गेलं होतं, म्हणून बर्डीवरून (नागपूरचं मार्केट) एक नखाएवढा यूएसबी अडॅप्टर आणला. डबीवर ‘६०० एमबीपीएस, ड्युअल बँड’ एवढंच मोठ्या अक्षरात, चिप कोणती ते कुठेच नाही. दुकानदाराचं उत्तर, "मॅडम, सगळ्यात चालते."

अडॅप्टर लावला की फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी उघडते आणि तिच्यात विंडोजची सेटअप फाइल दिसते. नेटवर्कच्या यादीत वायफाय नावाचं काही येतच नाही. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) चालवल्यावर ही ओळ मिळते (मोबाइलवरून लिहितेय, म्हणून सगळं देवनागरीत):

०बीडीए:१ए२बी – रिअलटेक, आरटीएल ८१८८जीयू ८०२.११एन अडॅप्टर, ड्रायव्हर सीडीरॉम मोड

मला कळत नाहीये ते असं. ८१८८जीयू ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची आणि १५० एमबीपीएसची आहे, असं सगळीकडे लिहिलंय. मग ड्युअल बँड कसा? डबी खोटं बोलतेय की एलएसयूएसबी? डबीतल्या छोट्या सीडीत लिनक्स नावाचा फोल्डर आहे. त्यातला ड्रायव्हर मेक (म्हणजे कंपाइल) करायला घेतला तर एररची रांगच लागते.

राउटर वरच्या मजल्यावर दिरांकडे आहे. केबल खाली आणायची तर खिडकीतूनच, आणि त्या खिडकीत उन्हाळाभर कूलर. संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, तेव्हा जे काही कराल ते टिकाऊ हवं. दर अपडेटला पुन्हा पहिल्यापासून नको.

प्रतिसाद, जुना_गडी

ताई, एनडीआयएसरॅपर म्हणून एक गोष्ट आहे. विंडोजचा ड्रायव्हर त्यात घालायचा, काम होऊन जाते. मी पूर्वी असंच चालवलं आहे.

प्रतिसाद, बर्डीकर

काका, ते एक्सपीच्या जमान्यातलं झालं. आजच्या कर्नलवर त्याच्या नादी लागू नका.

ताई, डबी पण खरी असू शकते अन् एलएसयूएसबी पण. तुमचा अडॅप्टर अजून वायफाय झालाच नाही, तो सध्या सीडी आहे. आतल्या छोट्या मेमरीत विंडोजचा ड्रायव्हर भरून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वेगळी सीडी लागत नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तोच सीडी बाहेर काढतो अन् मग खरा अडॅप्टर समोर येतो. लिनक्समध्ये हे काढायचं काम कोणी केलं नाही तर तो तसाच बसून राहतो.

आता नावाचं. १ए२बी हा आयडी त्या सीडीचा आहे, चिपचा नाही. रिअलटेकच्या वेगवेगळ्या चिपा याच आयडीने सीडी बनून येतात. एलएसयूएसबी समोर जे नाव दाखवतो ते अडॅप्टरला विचारून नाही, यूएसबी आयडींच्या एका तयार यादीतून. यादीत त्या आयडीपुढे ८१८८जीयू लिहिलं आहे, म्हणून ते दिसते. ते नाव पाहून ड्रायव्हर शोधायला गेलात तर भलत्याच दारात उभे राहाल.

फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. अडॅप्टर उपटायचा नाही. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा एलएसयूएसबी चालवा अन् नवा आयडी इथे टाका. बी७११ आला तर खरंच ८१८८जीयू, सी८११ आला तर ८८११सीयू, ती ड्युअल बँड.

धागाकर्ती

इजेक्ट केल्यावर सीडी गायब झाली आणि आता ०बीडीए:सी८११ दिसतंय. म्हणजे डबी खरं बोलत होती. पण वायफायच्या यादीत अजूनही शुकशुकाट.

प्रतिसाद, कर्नलवेडा

तुमच्याकडे ५.१५ आहे, त्यामुळे शुकशुकाटच असणार. ८८११सीयू ही ८८२१सीयूची ब्लूटूथ नसलेली बहीण. या घराण्याचा यूएसबी ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८८ मधला, कर्नलमध्ये आला ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ ला. त्याआधीच्या कर्नलला हा अडॅप्टर कोण हेच ठाऊक नाही. डबीतल्या सीडीतला ड्रायव्हर मेक होत नाही त्याचं कारणही साधं आहे. तो जुन्या कर्नलसाठी लिहिलेला असतो, कर्नलच्या आतली फंक्शनं बदलत जातात आणि तो कोड कोणी सांभाळत नाही.

गिटहबवर कोणीतरी सांभाळलेला ड्रायव्हर डीकेएमएसने बसवणे, हा एक रस्ता आहे. नवा कर्नल आला की डीकेएमएस तो पुन्हा बांधतो. पण कर्नलच्या हेडर फाइली आणि बिल्ड-इसेन्शियल (कोड बांधायची साधनं) लागतं, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे त्या ड्रायव्हरवर, सही करून रीस्टार्टच्या वेळच्या निळ्या पडद्यावर ती किल्ली नोंदवावी लागते. ते केलं नाही तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून कर्नल तोंडावर दार आपटतो. शिवाय एखादा मोठा कर्नल आला की तोही कोड मोडू शकतो, आणि तेव्हा तुमचा दहावीचा क्लास चालू असेल. तुम्ही ‘टिकाऊ’ म्हणालात म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कर्नलच वर न्या. अपडेट मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स, तिथून ६.८ निवडा. त्यात ड्रायव्हर आतच आहे, सही झालेला. ५.१५ काढू नका, अडचण आली तर ग्रब मेनूतून (मशीन सुरू होतानाची यादी) त्यावर परत जाता येतं.

धागाकर्ती

पटलं. पण वायफायच नाही तर कर्नल उतरवू कशावर?

प्रतिसाद, बर्डीकर

अँड्रॉइड फोन डेटा केबलने लावा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायर्ड नेटवर्क समजते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अन् फोन घरच्या वायफायवर असू द्या, म्हणजे पॅक नाही उडणार, दिरांचंच नेट लागेल. फक्त केबल नीट पाहून घ्या. नुसती चार्जिंगची असली तर टेदरिंगचं बटण फिकटच राहते.

धागाकर्ती

६.८ बसलं, वायफाय आलं, दोन्ही बँड दिसतात. टेदरिंगची युक्ती भारी होती भाऊ, लक्षात राहील.

पण रीस्टार्ट केलं की अडॅप्टर परत सीडी होऊन बसतो आणि मला परत इजेक्ट करावं लागतं. यूएसबी-मोडस्विच पॅकेज (सीडी झालेल्या अडॅप्टरला खऱ्या रूपात आणणारं) आधीपासून आहे, तरी आपोआप होत नाही. आणखी एक: क्लास चालू असताना मधेच आवाज तुटतो.

प्रतिसाद, कर्नलवेडा

इजेक्टसाठी यूडेव्हचा (वस्तू जोडली की ठरलेलं काम करणारी लिनक्सची यंत्रणा) एक नियम लिहून टाका. ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये नवी फाइल, तिच्यात एकच ओळ: व्हेंडर ०बीडीए आणि प्रॉडक्ट १ए२बी जोडला गेला की यूएसबी-मोडस्विच चालव, सोबत कॅपिटल के, स्मॉल व्ही आणि स्मॉल पी हे पर्याय. के म्हणजे इजेक्ट, व्ही आणि पी पुढे तेच दोन आयडी. मोडस्विचचा पूर्ण पत्ता द्या, यूएसआर/एसबिनपासून. नुसतं नाव दिलं तर यूडेव्हला ते सापडेलच असं नाही.

आवाज तुटतो त्याला आधी पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची फाइल असते, त्यात ३ आहे तिथे २ करा आणि रीस्टार्ट.

प्रतिसाद, बर्डीकर

अन् मध्ये स्लॅब आहे, तर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा. स्लॅबमधून २.४ च बरं येते. अडॅप्टर निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल तर काळ्यात घाला. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ वर येतो. नाहीतर हातभर एक्स्टेन्शन केबल घेऊन लॅपटॉपपासून दूर ठेवा.

धागाकर्ती

नियम चालला, रीस्टार्टनंतर अडॅप्टर थेट वायफाय म्हणूनच येतोय. पॉवर सेव्हिंग बंद केलं, अडॅप्टर काळ्या पोर्टमध्ये घातला, २.४ वर आहे. काल संध्याकाळचा क्लास अख्खा झाला, मुलांनी ‘टीचर, आवाज येत नाही’ एकदाही म्हटलं नाही. दोघांचेही आभार. बर्डीकर भाऊ, कधी इकडे आलात तर तर्री-पोहे माझ्याकडून.

प्रतिसाद, नवीन सदस्य

माझाही असाच छोटा अडॅप्टर आहे, पण मला ०बीडीए:८१७९ दिसतो. हाच यूडेव्हचा नियम टाकू का?

प्रतिसाद, कर्नलवेडा

नको. ८१७९ म्हणजे ८१८८ईयू, तो सीडी बनलेलाच नाही, त्याला मोडस्विच लागत नाही. वेगळा धागा काढा आणि त्यात कर्नलची आवृत्ती आणि अडॅप्टर लावल्या-लावल्याच्या डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळी टाका.