घराजवळ काय काय टिपलंत? फोटोग्राफी ग्रुपमधले तुमचे अनुभव लिहा

टेकडीवाली (पुणे)

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीवर गप्पा सुरू झाल्या की लडाख, स्पिती, नाहीतर मसाई मारा. ते फोटो सुंदर असतातच, पण वर्षातले बाकीचे सगळे दिवस आपण जिथे राहतो तिथलं काय, हे मला तुमच्याकडून वाचायचंय. एखाद्या क्लबमध्ये किंवा सोसायटीतल्या चार जणांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये तुम्ही सामील झाला असाल आणि तिथल्या लोकांमुळे रोजच्या रस्त्यावरचीच जागा नव्याने दिसली असेल तर जरूर लिहा. कॅमेरा कुठला याला महत्त्व नाही, मोबाईलवाल्यांनी आधी लिहा.

सुरुवात मी करते. आमचा ग्रुप रविवारी सकाळी भेटतो आणि एकच नियम कडक पाळतो, महिन्याचा विषय घरापासून पाच किलोमीटरच्या आत शोधायचा. मी पाषाणला राहते, वेताळ टेकडीवर लहानपणापासून जाते, त्यामुळे तिथे अजून बघायचं काही राहिलंय असं डोक्यातही नव्हतं. ग्रुपमधले एक काका म्हणाले, तू जागा बदलू नकोस, ऋतू बदलू दे. मग मी वरची जुनी दगडाची खाण धरली, उभं राहायचं ठिकाणही तेच ठेवलं, आणि वर्षभर जात राहिले. मे महिन्यात सगळं करपलेलं आणि खाणीचा कापलेला कडा उघडाबोडका, जूनच्या पहिल्या सरींनंतर तोच दगड काळाभोर ओला, जुलैत त्याच्या फटीफटीतून हिरवं फुटलेलं, आणि दिवाळीनंतर गवत असं सोनेरी होतं की सकाळी सातच्या तिरक्या उन्हात पातं न् पातं वेगळं दिसतं. कडा तर दुपारी सपाट भिंत वाटतो, सकाळी त्याचे थर मोजता येतात! उजेड बाजूने आला की दगडाला पोत येतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या खाणीपाशी ते अंगात भिनलं. मोर ओरडत असतात ते वेगळंच.

ग्रुपचा दुसरा फायदा म्हणजे कोणीतरी तुमचा फोटो नीट बघतं. "छान" म्हणून अंगठा दाखवणारे खूप असतात, "डावीकडची ती फांदी कशाला ठेवलीस" असं विचारणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे बरं का, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे एकत्र बसून फोटो बघायचे, त्यावर बोलायचं, हे आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून चालत आलंय.

चला, आता तुम्ही लिहा.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

ताई लई भारी विषय काढलासा. माझ्याकडं कॅमेरा नाही, मोबाईलच हाय, आणि आमच्या ग्रुपात निम्मे लोक मोबाईलवालेच हाईत.

कोल्हापूर म्हटलं की लोक रंकाळ्यावरचा सूर्यास्त काढत्यात, काढावाच, पण माझा विषय झालाय गुऱ्हाळ. माझ्या मामांचं शेत करवीर तालुक्यात, शेजारीच गुऱ्हाळघर, लहानपणी तिथं रस प्यायला जायचो तेवढंच. ग्रुपमधी एकदा "वाफ आणि धूर" असा विषय पडला आणि मी थंडीत पहाटे तिथं जाऊन उभा राहिलो. काय सांगू तुम्हाला, काहिलीत, म्हणजे त्या भल्या मोठ्या कढईत, रस उकळायला लागला की वाफेचे लोटच्या लोट वर पत्र्यापर्यंत जात्यात, आणि पूर्वेच्या बाजूनं पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं की त्या वाफेतनं उन्हाच्या पट्ट्या तयार होत्यात, हातानं धरता येतील अशा. आपण उन्हाच्या समोर तोंड करून उभं राहायचं, म्हणजे वाफ उजळती आणि माणसं काळी, नुसत्या आकाराची दिसत्यात. ऊन पाठीमागं घेतलं तर वाफ दिसतच नाही, नुसता पांढरा धुरळा.

आता यात घाई करून चालत नाही. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड (रस काढलेला वाळका ऊस) घालणारा माणूस, वर आलेली मळी काढणारा, आणि गूळ करणारा गुळव्या, सगळ्यांची कामं ठरलेली असत्यात. रस कधी उतरवायचा ते गुळव्या नुसता बघून ओळखतो, आणि त्या घडीला समदे एकदम पळत्यात, काहील उचलून रस वाफ्यात, म्हणजे गार करायच्या हौदात, ओतत्यात, तो सगळा खेळ मिनिटभरात संपतो. त्यावेळी मधी कडमडायचं नाही. मी आधी बऱ्याच वेळा नुसता जाऊन बसलो, चहा प्यालो, कुठला माणूस कुठं उभा असतो ते बघितलं, मग फोटो काढले. आणि प्रिंट काढून नेऊन दिले सगळ्यांना. गुळव्या मामांनी त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पहाटे दिवे लागत्यात ते पण सांगायचं होतं. तिथं एकच सांगतो, अंधारात गर्दी करू नका, आभाळ निळं व्हायला लागलं की तेवढा थोडाच वेळ दिवे आणि घाट दोन्ही एकत्र नीट येत्यात.

टेकडीवाली (पुणे)

प्रिंट नेऊन देणं हे फार आवडलं! आमच्या ग्रुपमध्ये आता हे मी सुचवणार आहे. आपण लोकांचे चेहरे घेऊन येतो आणि त्यांच्या हातात काहीच राहत नाही, ते मला नेहमी खटकतं.

खाडीपलीकडची (नेरूळ)

माझ्या खिडकीतून रोहित दिसतात. म्हणजे फ्लेमिंगो. हे वाक्य लिहिताना अजूनही छाती फुगते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१८ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीतही (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेली, पण पक्ष्यांना आपली हद्द कुठे माहीत असते, ते आमच्या बिल्डिंगांच्या मागच्या पाणथळीतही येतात.

इथे ग्रुपचा उपयोग काय झाला ते सांगते. मी आधी घड्याळ बघून जायची, सकाळी सहा, संध्याकाळी पाच, फोटोग्राफीत सांगतात तसा सोनेरी उजेड. कधी पक्षी हाताच्या अंतरावर, कधी पार क्षितिजाला गुलाबी रेघ. आमच्या ग्रुपमधल्या एक कोळी ताई म्हणाल्या, अगं पाणी बघ आधी. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते लांब खाडीत पसरून खात असतात, भरती चढली की तिथलं खाणं झाकलं जातं आणि ते आतल्या पाणथळीत येऊन उभे राहतात. आणि भरतीची वेळ काढायला ॲपसुद्धा लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. मिनिटाचा हिशोब नाही, पण फोटोसाठी पुरे. आता मी कालनिर्णय बघून अशा तिथ्या शोधते की भरती आणि सकाळचं ऊन एकत्र येईल.

आणि एक कळकळीने सांगते, या पाणथळी वाचवण्यासाठी इथले लोक वर्षानुवर्षं झगडतायत, तेव्हा फोटो काढलात तर ते दाखवा सगळ्यांना. पक्षी तिथे होते याचा पुरावा म्हणून फोटोची किंमत फार आहे.

पांढरा रंग (सोलापूर)

मी तांत्रिक गोष्ट लिहितो कारण ती शिकायला मला ग्रुपच लागला. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज घेऊन हजारो भक्त निघतात, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंद बांधायच्या जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात. अक्षता सोहळा भर दुपारी. आता कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल त्याला मध्यम करड्या रंगावर आणायला बघतं, त्यामुळे चौकटभर पांढरं असेल तर बाराबंदी मळकट येते, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लसमध्ये न्यायचं. उलट सिद्धेश्वर तलावात काळ्या पाण्यावर एकटा बगळा उभा असेल तर कॅमेरा पाण्याकडे बघून सगळं उजळवतो आणि बगळ्याची पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफट्ट येतात, तिथे मायनस. दोन्ही विषय पांढरेच, जागा एकमेकांला लागून, आणि करायचं बरोबर उलटं. हे मला आमच्या सरांनी तलावाच्या कट्ट्यावर बसून दाखवलं तेव्हा एका सकाळीत डोक्यात बसलं. धुक्यात फोटो काढणाऱ्यांनीही प्लसचंच लक्षात ठेवा, नाहीतर धुकं राखाडी येतं.

झुडपीतला (नागपूर)

आमच्याकडे बाप्पा उन्हाळा म्हटला की लोक पडदे लावून घरात बसतात. मी म्हणतो फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत नागपूरच्या कोणत्याही दिशेला स्कूटर काढा, पळस फुललेला असते. पान नाही एक, नुसता अंगार. ग्रुपमधल्या पोरींनी मला शिकवलं की आख्खं झाड काढून फोटोत मजा येत नाही, एका फांदीजवळ थांबा, कोण येते ते पहा. सूर्यपक्षी येते, बुलबुल येते, साळुंक्या तर भांडतच असतात, आणि नशीब असलं तर पळसमैनांचा थवा. फुलाला निळ्या आभाळासमोर घेतलं की रंग उठून दिसते. दुपारचं ऊन वाईट म्हणतात सगळे, पण पाकळीतून आरपार येणारं ऊन पाहायचं असेल तर फुलाखाली जाऊन वर कॅमेरा करा.

एक विनंती, घरट्यांचे फोटो आमच्या ग्रुपवर आम्ही घेतच नाही. फांद्या बाजूला करून घरटं उघडं पाडणारे लोक पाहिलेत मी, मग कावळ्याला आयतंच सापडते. घुबडाची ढोली कुठे आहे तेही आम्ही कोणाला सांगत नाही.

टेकडीवाली (पुणे)

घरट्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

मानशीवयलें (दिवाडी, गोवा)

आमच्या गोव्यात येणारे लोक समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढतात. मी दिवाडी बेटावर राहते, जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात पलीकडे, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. आमचा ग्रुप छोटा, सगळ्या बायका, दोघी शिक्षिका आणि एक बँकेतली. आम्ही खाजन शेती टिपतो. खाडीचं खारं पाणी अडवायला बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर करणारी मानस, तिची लाकडी दारं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पावसाळ्यात ढग खाली उतरले की शेतात पाणी आणि आभाळ एकच होतं, मध्ये फक्त बांधाची रेघ. खूप ठिकाणी बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलंय, मग तिथे कांदळ (खारफुटी) उगवतो. आमच्यातल्या एकीने शेतकऱ्यांना जुने बांध कुठून जायचे ते विचारून त्या जागांचे फोटो एकत्र ठेवलेत. नुसतं सुंदर म्हणून काढायला सुरुवात केली होती, आता ते कामच झालंय आमचं.

कालव्याकाठी (न्यू जर्सी)

बाहेरून लिहितोय, चालेल ना? इथल्या मराठी मंडळातल्या काही जणांचा ग्रुप आहे. ऑक्टोबरात पानं रंगली की सगळे तीन-चार तास गाडी हाकत उत्तरेला जातात. माझ्या घरामागून डेलावेअर-रॅरिटन कालवा जातो, १८३० च्या दशकात खोदलेला, आता त्याच्या काठाने चालायची वाट आहे. आम्ही मुद्दाम ढगाळ दिवस निवडतो, ऊन नसलं की पानांचे रंग जास्त गडद येतात, आणि पोलरायझर फिरवून ओल्या पानांवरची चकाकी काढून टाकायची. आईबाबा आले होते तेव्हा बाबा रोज माझ्याबरोबर यायचे. त्यांनी मोबाईलवर काढलेलं कालव्यातलं प्रतिबिंब ग्रुपला सगळ्यात जास्त आवडलं, आता ते साताऱ्यातून संगममाहुलीच्या घाटाचे फोटो पाठवतात आणि आमचे लोक त्यावर चर्चा करतात.

द्राक्षबागेतून (निफाड)

मी शेतकरी आहे. नांदूरमध्यमेश्वर आमच्यापासून जवळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालं, थंडीत तिथे नाशिक-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, मोठमोठ्या लेन्स. त्यांच्यातल्याच काही जणांशी ओळख झाली आणि त्यांच्या ग्रुपमध्ये गेलो. ते मला पक्षी शिकवतात, मी त्यांना सांगितलं की परत जाताना पहाटे माझ्या बागेत या.

निफाडचा पारा ४-५ अंशांवर उतरला की आम्ही रात्रीच बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो, धूर धरून ठेवतो, म्हणजे मणी तडकत नाहीत. पहाटे त्या धुरात वेलींच्या ओळी, मध्येमध्ये लाल विस्तव, आणि डोक्याला मफलर बांधलेली माणसं. पाहुण्यांना ते फार सुंदर वाटलं. आहेच ते सुंदर, मी नाही म्हणत नाही. पण त्या रात्री आमचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं, म्हणून मी अट घातली की फोटोखाली हे लिहायचं, नुसतं "हिवाळी सकाळ" असं नाव द्यायचं नाही. त्यांनी मान्य केलं. पुढच्या वेळी आले तेव्हा दोघं कॅमेरा बाजूला ठेवून जाळायला लाकडं आणू लागले, तेव्हापासून ती माणसं घरची झालीत.

रात्रीचं काढायचं तर ट्रायपॉड हवाच, आणि मॅन्युअल फोकस, धुरात ऑटोफोकस भटकतो.

खिडकीशी (डोंबिवली)

गुडघ्यांमुळे मला फार चालवत नाही, वय ६८. मुलाने जुना मोबाईल दिला आणि शेजारच्या ताईंनी ग्रुपमध्ये घेतलं. मोठागावच्या रेतीबंदराला रिक्षाने जाते, काठावर बसायची सोय बघून ठेवली आहे. दिवा-वसई मार्गाचा पूल, त्यावरून जाणारी गाडी, खाली खाडीतली होडी. गाडी कधी येते ते आता आवाजावरून कळतं. बाकी दिवस घराच्या खिडकीत, पावसाचे थेंब ग्रिलवर जमतात त्यात समोरची बिल्डिंग उलटी दिसते, ते काढते. रंकाळाकाठ, तुमच्या गुऱ्हाळाचे फोटो कुठे बघायला मिळतील का? माझं माहेर कागलचं, खूप वर्षांत काहिलीची वाफ बघितली नाही.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

काकू, आज रात्री टाकतोच इथं. आणि थंडीत कागलला आलात तर सांगा, गाडी घेऊन न्यायला येतो, गुऱ्हाळात खुर्ची टाकायला जागा हाय.

टेकडीवाली (पुणे)

मराठवाड्यातून अजून कोणीच लिहिलं नाही. लातूर, बीड, परभणीकडचं कोणी आहे का?