मदत हवी आहे : पातळीचा सेन्सर आणि मोजपट्टी यांचा मेळ बसत नाही

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील एका लहान जलविद्युत प्रकल्पावर जलाशयाच्या पातळीच्या नोंदी माझ्याकडे असतात. पावसाची झड लागली की पाण्यात सोडलेला दाब-सेन्सर मोजपट्टीपेक्षा सहा-सात सेंटिमीटर कमी पातळी दाखवतो (लाटांमुळे पट्टी वाचताना दोन बोटे इकडेतिकडे होतात, ते वेगळे). झडीत हवेचा दाब उतरतो, आणि तो १ हेक्टोपास्कलने (दाबाचे एकक) बदलला, तर तो फरक सुमारे १ सेंटिमीटर पाण्याइतका भरतो. त्यामुळे केबलमधील हवानळी (बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरपर्यंत पोचवून त्याचा परिणाम वजा करणारी बारीक नळी) दमटपणाने तुंबली असावी, असा माझा संशय आहे, कारण जोडपेटी उघडली तेव्हा निळे सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे, ओल धरली की गुलाबी होतात) पार गुलाबी पडलेले होते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. आमच्याकडे मात्र सेन्सरचा हाच आकडा पाहून दरवाजे उघडण्याचा निर्णय होतो. नुसते जेल बदलून भागेल, की रडार सेन्सरच (पाण्याला न लागता वरून पातळी मोजणारा) बसवावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.