१० कोरचा आय७ लॅपटॉप ६ कोरच्या आय५ डेस्कटॉपपुढे मागे का पडतो?

अमळनेर_शूटिंगवाला:
राम राम मंडळी. लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करतो. आखाजीपासून लग्नांची रांग लागलीय आणि एक्सपोर्ट (एडिट केलेल्या फिल्मची फाइल बाहेर काढणं) काही उरकत नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर आय७-१२५५यू, १६ जीबी रॅम. पारोळ्याच्या मावसभावाने आय५-१२४०० चा डेस्कटॉप जुळवून घेतलाय, रॅम तेवढीच. ग्राफिक्स कार्ड दोघांकडे नाही. रविवारी एकच ४० मिनिटांची फिल्म दोन्हीवर लावली, एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरची सेटिंग तीच. त्याची ५२ मिनिटांत निघाली, माझ्यावर १ तास ५५ मिनिटं.

टास्क मॅनेजरमध्ये माझे १० कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दिसतात, त्याचे ६. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) दोघांचे १२. पिढी एकच, बारावी. कमाल वेग माझा ४.७ गिगाहर्ट्झ, त्याचा ४.४. लॅपटॉपचे हप्ते अजून चालू आहेत. तो खराब निघाला की माझंच काही चुकतंय?

भुसावळ_रिपेअर:
भाऊ, तुना लॅपटॉप खराब नही शे. आय७ आणि आय५ हे आकडे लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये एकमेकांशी लावायचेच नसतात. दर उन्हाळ्यात चार-पाच जण मशीन घेऊन येतात आणि हेच विचारतात.

तुमच्या १० कोरांत मोठे फक्त २. उरलेले ८ लहान, कमी वीज खाणारे. मोठ्या कोरावर २ थ्रेड चालतात, लहानावर १, म्हणून ४ आणि ८ मिळून १२. मावसभावाचे सहाच्या सहा मोठे, म्हणून १२. तुमच्या गाडीला दोन बैल आणि आठ गोऱ्हे जुंपलेत, त्याच्या गाडीला सहा बैल.

आणि वैरण बघा. १२५५यू ला इंटेलने १५ वॅट धरलेत, थोडा वेळ ५५ पर्यंत जाऊ शकतो. १२४०० ला ६५, वर ११७ पर्यंत. ४.७ गिगाहर्ट्झ खरा आहे, पण तो एखाद्या कोरावर आणि थोडा वेळ. फाइल उघडताना, कट मारताना तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपच्या बरोबरीने पळतो. एक्सपोर्ट लावला की अर्धा-एक मिनिट जोर, मग वॅट खाली. कंपनी १५ च्या जागी २०-२५ ठेवते कधी कधी, पण दोन तासांच्या कामात तो ६५ ला गाठणार कुठून?

त्यात आपला उन्हाळा. दोन्ही चिपांची मर्यादा १०० अंश. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात पत्र्याखाली ४२ असेल तर ५८ चाच. पंखा तोच, काम पाऊण. डेस्कटॉपच्या मोठ्या हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) ते पेलतं, लॅपटॉपच्या बोटभर जाडीत जागाच नसते.

आधी दोन गोष्टी करा. मागचं झाकण उघडून जाळी बघा. अमळनेर-चोपड्याकडून आलेल्या मशीनमध्ये मला कापसाचा बोंदराच सापडतो, जिनिंग जवळ असेल तर हमखास. ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. दुसरं, प्रीमियरच्या एक्सपोर्टमध्ये परफॉर्मन्ससमोर सॉफ्टवेअर एन्कोडिंग असेल तर हार्डवेअर करा. तुमच्या चिपमध्ये व्हिडिओ बनवणारा वेगळा भाग आहे, तो रिकामा बसून राहतो.

धुळे_इंजिनिअर:
दादांचं पटलं, फक्त सगळे लॅपटॉप एका मापात धरू नका. शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे साधारण १५ वॅट, एच म्हणजे ४५. माझा आय७-१३७००एच आहे: ६ मोठे, ८ लहान, ४५ वॅट, कमाल ११५. हवा नीट मिळाली तर सगळे कोर लागणाऱ्या कामात तो १२४०० च्या पुढे जातो. पण पंखा असा ओरडतो की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. आणि चार्जर काढला की वेग पडतो, हे लाइट जाणाऱ्या गावात महत्त्वाचं.

डेस्कटॉप घ्यायचाच झाला तर १२४००एफ घेऊ नका, स्वस्त दिसतो तरी. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर पडद्यावर चित्रही येणार नाही, आणि व्हिडिओचा तो वेगळा भागही गेला.

अमळनेर_शूटिंगवाला:
दोघांचे मनापासून आभार. झाकण उघडलं. जाळीवर कापसाचा अख्खा पापुद्रा बसला होता, नखाने सोलून निघाला. काल पहाटे पाचला, खोली गार असताना, तीच फिल्म जुन्याच सेटिंगवर लावली: १ तास ३४ मिनिटं. मग हार्डवेअर एन्कोडिंगवर: ४१ मिनिटं. भावाच्या मशीनवरही तेच करून बघितलं, त्याची २९ मध्ये निघाली. म्हणजे तो पुढेच आहे, पण माझा सीझन निघेल. आता सांगा, लाइट गेली तर डेस्कटॉपचं काय?

भुसावळ_रिपेअर:
६०० व्हीएचा यूपीएस लावला तरी पाच-दहा मिनिटंच, फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती. एक्सपोर्ट मधेच गेला की पुन्हा पहिल्यापासून. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या, पण यूपीएस मोडचा हवा, नाहीतर लाइट बदलताना मशीन रीस्टार्ट होतं. लॅपटॉप विकू नका. हळदीच्या रात्री मांडवातच फुटेज उतरवून घ्यायला तोच लागेल.