'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' कुठे शोभतं, कुठे खटकतं?

मंजिरी_क
पुरवठादाराशी झालेला वाद मिटल्यावर त्याला पाठवायच्या मेलमध्ये 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' (झालं गेलं विसरून जाऊ) चालेल का? उशीर आमच्याकडून झाला होता. 'लेट बायगॉन बी बायगॉन' असंही वाचनात येतं, त्यातलं बरोबर कोणतं? आणि 'वॉटर अंडर द ब्रिज', 'लेट स्लीपिंग डॉग्स लाय' हे त्याच अर्थाचे ना?

आडवाटे
दोन्हीकडे अनेकवचनच हवं. उच्चारात शेवटी 'झ' येतो, बायगॉन्झ. मध्ये 'टू' घुसवू नका. 'लेट'नंतर नुसतं 'बी'. भूतकाळातही 'लेट'चं रूप बदलत नाही, म्हणून काळ स्पष्ट करायला 'दे अ‍ॅग्रीड टू लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' अशी रचना सोयीची पडते. एकवचनी 'बायगॉन' येतं ते विशेषण म्हणून, 'अ बायगॉन एरा'. ते निराळं.

कोरा कागद
व्याकरणापेक्षा हे कोण म्हणतंय ते बघा. 'झालं गेलं विसरून जाऊ' म्हणायचा मान ज्याला त्रास झाला त्याचा. चूक करणाऱ्यानेच आधी म्हटलं तर निर्लज्जपणा वाटतो, मराठीत वाटतो तसाच. उशीर तुमचा, त्यामुळे हा वाक्प्रचार तुम्ही वापरू नका. आधी सरळ माफी, मग 'आय होप वी कॅन पुट धिस बिहाइंड अस'. चूक दोघांची असेल तर 'लेट्स लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' खपून जातं, पण बोलण्यात. मेलमध्ये जरा जुनाट वाटतं.

बाकीचे दोन वेगळे आहेत. 'इट्स ऑल वॉटर अंडर द ब्रिज नाऊ' ही विनंती नव्हे, आता त्याचं काही वाटत नाही हे सांगणं. राग अजून धुमसत असेल तर ते खोटं पडतं. अमेरिकेत 'वॉटर ओव्हर द डॅम'ही म्हणतात. 'स्लीपिंग डॉग्स'मध्ये तर भांडण झालेलं असायलाच हवं असं नाही. शांत पडलेला विषय उकरला तर तो अंगावर येईल, एवढाच इशारा. आपलं 'खाजवून खरूज काढणे' त्याच्या जवळचं. समेटाच्या मेलमध्ये हे लिहिलंत तर काहीतरी दडवताय अशी शंका येईल!

आडवाटे
सहमत. एक भर: स्कॉटलंडमध्ये 'बायगॉन्स' हा शब्द थकबाकीसाठीही वापरला जायचा. अर्थशास्त्रात त्याचा रोख पुन्हा पैशाकडेच आहे. 'व्यापारात बायगॉन्स कायमचे बायगॉन्स' अशा अर्थाचं इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी 1871 मध्ये लिहिलं. बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हा त्याचा मतलब. तिथे क्षमेचा संबंध नाही.

मंजिरी_क
म्हणजे माफी आणि 'पुट धिस बिहाइंड अस'. त्याच मेलमध्ये परत केलेल्या मालाचे त्यांच्याकडून येणे असलेले पैसे मागितले तर?

कोरा कागद
नको. 'मागचं मागे टाकू' म्हटल्यावर बाकीही सोडली असा अर्थ समोरचा लावू शकतो. पैशांची मेल वेगळी पाठवा, त्यात इन्व्हॉइस क्रमांक, रक्कम आणि तारीख, बस.