पावसाळी लिंक, आठ जीबीचा लॅपटॉप: एडिटर कोणता?

किनाऱ्यावरचा रूट (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. देवगड-मालवणात बसून पुण्यामुंबईतले सर्व्हर सांभाळायचे असतील तर व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा कोड एडिटर) हे हत्यार चुकीचं आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधली एक ओळ बदलायला, तो एडिटर ज्यावर उभा आहे तो अख्खा क्रोमियम ब्राउझर कशाला उठवायचा? आणि रिमोट एसएसएच (दूरच्या सर्व्हरवरच्या फाइल त्याच एडिटरात उघडायची सोय) जोडलं की ओझं लॅपटॉपपुरतं राहत नाही. सर्व्हरवरच्या होम फोल्डरात त्याचा स्वतःचा सर्व्हर उतरतो, नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) तीन-चार प्रोसेस उभ्या राहतात. इकडे एडिटर अपडेट झाला की तिकडे पुन्हा नवी प्रत उतरणार. तीही नेमकी टॉवर बॅटरीवर असताना!

मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की रिमोट मशीनला किमान १ जीबी रॅम हवी, २ जीबी असलेली बरी. होमस्टेची बुकिंग साइट आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकाच १ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालवणारे इथे कमी नाहीत. अशा मशीनवर टाइपस्क्रिप्टचं फोल्डर उघडलं तर तो कोड तपासणाऱ्या टीएस-सर्व्हरची मेमरीची मूळ मर्यादाच ३०७२ एमबी आहे. रॅम संपली की कर्नलचा ओओएम किलर सहसा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो, आणि ती बऱ्याचदा मायएसक्यूएल असते. म्हणजे फाइल बघायला गेलात आणि बुकिंग बंद पाडून आलात.

एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित टर्मिनल जोडणी), टीमक्स (सर्व्हरवर सेशन चालू ठेवणारा), विम (टर्मिनलमधला एडिटर). एवढंच पुरे. लिंक तुटली तर टीमक्समध्ये सगळं जागच्या जागी. टीमक्स नसेल तरी विमची स्वॅप फाइल आहे: दर २०० अक्षरांनी किंवा ४ सेकंद हात थांबला की लिहिली जाते. परत आल्यावर रिकव्हर करा, नव्या नावाने सेव्ह करून मूळ फाइलशी डिफ करा, मगच स्वॅप फाइल उडवा. लोक घाईत आधी उडवतात आणि मग विमला शिव्या घालतात.

खाडीपलीकडे

टीएस-सर्व्हरचं मान्य. पण लिंकच्या बाबतीत तुम्ही उलटी गंगा वाहवताय. एसएसएचमधल्या विममध्ये प्रत्येक की सर्व्हरला जाऊन परत आल्यावर अक्षर दिसतं. जुलैमधल्या पावसात पिंग ४०० मिलिसेकंदांवर गेलं की टाइप करणं म्हणजे शिक्षा. व्हीएस कोडमध्ये बफर (उघडलेल्या फाइलची मेमरीतली प्रत) तुमच्याच लॅपटॉपवर असतो. अक्षर लगेच उमटतं, नेट लागतं ते सेव्ह करताना. खराब लिंकवर हाच फरक सगळ्यात मोठा आहे आणि विमवाले नेमका तोच गाळतात.

किनाऱ्यावरचा रूट

त्यासाठी मॉश (खराब लिंकवर एसएसएचऐवजी वापरायचा) आहे, २०१२ पासून. यूडीपीवर (जोडणी धरून न ठेवणाऱ्या प्रोटोकॉलवर) चालतो, अक्षराचा अंदाज बांधून आधीच दाखवतो. लाइट गेली, वाय-फाय सोडून मोबाइल हॉटस्पॉटवर आलात, आयपी बदलला, तरी सेशन शाबूत. सर्व्हरवर मॉश इन्स्टॉल करायचं आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ६०००० ते ६१००० उघडायचं, बस्स.

खाडीपलीकडे

क्लायंटच्या सर्व्हरवर हजार यूडीपी पोर्ट उघडून मागा, काय उत्तर येतं बघा. (दहा पुरतात, पण ते समजावेपर्यंत पावसाळा संपेल.) शिवाय मॉशचा अंदाज चालतो तो विमच्या इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करताना. नॉर्मल मोडमध्ये (जिथे प्रत्येक कळ म्हणजे कमांड) शब्द उडवायची कमांड दिलीत तर ती जाऊन येईपर्यंत बसा बघत.

परकत

तुम्ही दोघंही इंग्रजीत कोड लिहिता असं दिसतंय. पंचायतीच्या फॉर्मची किंवा आंबा विक्रीच्या साइटची मराठी मजकुराची जेसॉन (डेटा) फाइल टर्मिनलमधल्या विममध्ये उघडून बघा. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं. ‘सिंधुदुर्ग’मधला रफार बऱ्याच टर्मिनलांत ग वर चढतच नाही, र् सुटा पडतो. ‘क्षि’ म्हणजे चार कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. कर्सर दिसतो एकीकडे, खोडलं जातं दुसरीकडेच. व्हीएस कोडमध्ये हे दुखणं नाही, कारण अक्षरजुळणी क्रोमियम करतो. ज्याला बोजड म्हणताय, त्यातलाच तो एक भाग आहे.

दुसरी गंमत कीबोर्डची. विममध्ये कर्सर हलवायला एच-जे-के-एल, कारण बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय (विमचा पूर्वज) लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच चार कळांवर छापलेले होते. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) चालू असताना त्याच कळांतून प-र-क-त निघतं. मराठी ओळ लिहून एस्केप दाबलं आणि जे दाबलं की विमकडे जातो ‘र’, आणि कर्सर ढिम्म. दरवेळी भाषा बदला, खाली या, परत बदला.

किनाऱ्यावरचा रूट

ऑपरेटिंग सिस्टिमचं इनस्क्रिप्ट बंद ठेवा आणि विमची स्वतःची कीमॅप फाइल (कुठल्या कळेला कुठलं अक्षर, याची) करा. ती इन्सर्ट मोडपुरतीच लागू होते, नॉर्मल मोडमध्ये कळा इंग्रजीच राहतात. चालू-बंद करायला कंट्रोल आणि ६ (अमेरिकन कीबोर्डवर). फाइल एकदाच लिहायची आहे. रफाराला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

ईमॅक्सचा शेजारी

माझ्याकडे आहे. ग्राफिकल ईमॅक्स (विमसारखाच जुना एडिटर, पण स्वतःच्या खिडकीत), २०२० ची २७ वी आवृत्ती किंवा पुढची. अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आहे, जोडाक्षरं नीट येतात. ट्रॅम्पने (ईमॅक्समधून सर्व्हरवरची फाइल उघडायची सोय) उघडलेल्या रिमोट फाइलचा बफरही इकडेच राहतो, म्हणजे खाडीपलीकडेंचा मुद्दाही निकालात. आणि बोजडपणाचं रडगाणं नवं नाही हो. ‘एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग’ म्हणून ईमॅक्सचीच टर उडवायचे. आज ८ एमबीत ब्राउझरची एक टॅबही उघडत नाही. निक्लाउस विर्थने १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जितक्या वेगाने धावू लागतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं.

मालवणी बग

भांडतास कित्याक? सर्व्हरार गेल्यार व्हीआय येवकच होया.

गुहागर ६६

भांडण्याआधी मोजा तरी. व्हीएस कोडमध्ये हेल्प मेनूतून प्रोसेस एक्सप्लोरर उघडा. मेमरी कोण खातंय ते नावासकट दिसतं. खिडकी स्वतः क्वचितच गुन्हेगार असते. बहुतेकदा एक्स्टेन्शन होस्ट (जोडलेली एक्स्टेन्शन चालवणारी प्रोसेस) किंवा लँग्वेज सर्व्हर (कोड तपासून सूचना देणारा, टीएस-सर्व्हरसारखा). एकूण आकडा बघून ‘इलेक्ट्रॉन (व्हीएस कोडचा क्रोमियमवाला पाया) वाईट’ म्हणणं सोपं, पण तोच लँग्वेज सर्व्हर निओविमला (विमच्या नव्या अवताराला) जोडलात (२०२१ च्या ०.५ पासून सोय अंगचीच आहे) तर तोही तेवढीच रॅम घेणार. विम हलका वाटतो कारण लोक त्यात तो जोडत नाहीत.

मग कमांड पॅलेटमधून एक्स्टेन्शन बायसेक्ट चालवा. दरवेळी निम्मी एक्स्टेन्शन बंद करून विचारतो, त्रास आहे की गेला. बत्तीस असली तरी पाच-सहा फेऱ्यांत चोर सापडतो. वॉचरच्या (फाइल बदलल्या का यावर नजर ठेवणाऱ्याच्या) वगळायच्या यादीत बिल्डचं आणि डेटाचं फोल्डर घाला. लिनक्सवर वॉचची मर्यादा संपल्याची सूचना आली तर तीच यादी आधी बघा, मर्यादा नंतर वाढवा. अपडेट मॅन्युअल करा, म्हणजे सर्व्हरवरची प्रत तुम्ही ठरवाल तेव्हाच बदलेल.

आणि लॉग एडिटरमध्ये उघडू नका, कुठल्याच! व्हीएस कोड २० एमबी किंवा ३ लाख ओळींपलीकडे रंग वगैरे बंद करतो, तरी फाइल मेमरीत घेतोच. विमही पूर्ण फाइल वाचतो. टर्मिनलमधली लेस ही कमांड वाचत नाही, लागेल तेवढंच उचलतो. कॅपिटल एफ दाबलं की नव्या ओळी येत राहतात, कंट्रोल-सी ने थांबतं. दीड जीबीच्या लॉगला एवढं पुरतं.

खाडीपलीकडे

हे पटलं. १ जीबीच्या सर्व्हरवर रिमोट एसएसएच मीही नेणार नाही. रेपो (कोडचं फोल्डर) लॅपटॉपवर, काम लॅपटॉपवर, सर्व्हरला बदल पाठवायचे गिटने. प्रॉडक्शनवर (चालू साइटवर) थेट फाइल बदलायचीच कशाला, हा खरा प्रश्न आहे.

किनाऱ्यावरचा रूट

रात्री साइट पडते तेव्हा थेटच बदलावी लागते. आणि सेंटओएस ७ (जुनं लिनक्स) चे सर्व्हर अजून चालू आहेत. तिथली जीलिबसी (सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.१७, आणि व्हीएस कोडला १.९९ पासून रिमोटवर किमान २.२८ लागते. जोडणीच होत नाही.

गुहागर ६६

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. एडिटर राहू दे, सर्व्हर बदला.

किनाऱ्यावरचा रूट

टेंडर निघेपर्यंत फाइल कशात उघडू, तेवढं सांगा.